डिस्कला झोपू द्यायचं का?

११ जानेवारी

परत आला! माझा बदल परत आला. वर दोन शब्द — "गरज नाही." कारण नाही, चर्चा नाही, काही नाही. दगडोबाने पुरता वाचलासुद्धा नसेल.

दगडोबा म्हणजे आमचे विभागप्रमुख. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात — आणि ताईपाशी. डिस्कशी बोलणारा ड्रायव्हर त्यांनी लिहिला तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून त्यातल्या एका ओळीला कोणी हात लावला की यांच्या पोटात दुखतं. जणू काही स्वतःच्या घराच्या भिंतीला कोणी खिळा ठोकतंय!

आणि माझी मागणी ती काय? एवढीशी. आमच्या मशीनमध्ये डिस्कला काम नसलं तरी तिला जागं ठेवलं जातं, आणि ती बसल्या बसल्या बॅटरी खाते. रिकाम्या वेळी तिला झोपू दिलं तर बॅटरी जवळजवळ दुप्पट टिकेल. पण दगडोबाने ड्रायव्हरमध्ये "जागी ठेव" असं कोरूनच ठेवलंय. मी म्हणते, कोरू नका. कर्नल बांधताना एक प्रश्न विचारा — डिस्कला झोपू द्यायचं का? ज्याची मशीन तो ठरवेल. बस्स.

गरज नाही म्हणे!

१२ जानेवारी

शेजारीण जिन्यात भेटली. "अजून त्या कर्नलकडेच का नोकरी?" तिला वाटतं मी कोणा लष्करी माणसाच्या हाताखाली आहे. पुन्हा सांगितलं — मशीन चालू झाली की सगळ्यांच्या आधी जो प्रोग्रॅम उठतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, तो कर्नल. ती म्हणाली, "म्हणजे कर्नलच की!"

हसायला हवं होतं. आलं नाही.

१४ जानेवारी, रविवार

ताई आली. नेहमीसारखी बॅग सोफ्यावर टाकली, चपला दोन दिशांना. पाय सुजलेत तिचे. परिचारिका आहे, पण दवाखान्यात बसून नाही — हृदयाचे जे रोगी घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्या घरोघर जाते, कार्डिओग्राम काढते, तो मशीनमध्ये साठवते. मशीन आमच्याच कंपनीची. जुन्या खेपेतली, एक कोपरा फुटलेला, त्यावर चिकटपट्टी.

"तुझ्या मशीनने आज माझी अब्रू घेतली बघ," पाणी पिता पिता सुरू झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांना झोपवलं, सदरा काढला, छातीला वायरी चिकटवल्या — आणि मशीन बंद! बॅटरी संपली. तर ते म्हातारबाबा डोळे न उघडताच विचारतात, "बाई, मी गेलो की मशीन गेली?"

हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसले. म्हणाली, "लोकांच्या घरात शिरल्या शिरल्या आधी विचारते, प्लग कुठाय? रोगी कुठाय ते मागून. लाज वाटते गं."

तिला सगळं सांगितलं. बदल काय, तो परत कसा आला, दगडोबा कसा आहे. जरा जास्तच सांगितलं असेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेला खरंच दगड दिसतोय."

फार बरं वाटलं.

१८ जानेवारी

दगडोबाच्या केबिनमध्ये गेले. टेबलावर काही नाही — एक भिंग आणि एक मेलेली डिस्क, कागद उडू नयेत म्हणून. बसा म्हणाले नाहीत. मीच बसले.

"काही डिस्का झोपल्या की उठत नाहीत, बाई."

"कोणत्या?"

"जुन्या खेपेतल्या. सगळ्या नाहीत. काही."

"मग यादी द्या, त्या वगळू."

"यादी नाही. पाहिल्यात मी."

पाहिल्यात मी! म्हणजे साक्षात्कारच की. मी म्हटलं, साहेब, म्हणूनच तर निवड द्या म्हणते. ज्यांच्याकडे तशा डिस्का असतील ते 'जागी' निवडतील. तर चष्मा पुसत म्हणाले, "निवडतंय कोण? आपल्याकडे प्रश्न वाचतं कोण?" आणि वर, मला शिकवायला — आपली मशीन आलेख लगेच डिस्कवर लिहीत नाही, हातात धरून ठेवते, मधून मधून लिहिते; लिहायच्या वेळी डिस्क उठली नाही तर मशीन गोठते आणि हातातलं सगळं जातं. हे मला! ती लिहायची पद्धत मी घातली आहे त्यात. विसरले असतील. किंवा विसरले नसतील.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. उठताना खुर्ची मुद्दाम सरकवली नाही.

१९ जानेवारी

"पाहिल्यात मी" — हे काय कारण झालं?

२ फेब्रुवारी

पुन्हा लिहिला. या वेळी नीट, एकेक वाक्य तोलून. प्रश्न, त्याखाली समजावणारा मजकूर, कोणत्या डिस्कवर जपून राहावं त्याची सूचना. इतकी सोपी भाषा की शेजारणीला कळेल.

बिल्डवाल्याला दाखवायला खाली गेले. सगळ्या मशीनांसाठी कर्नल बांधायचं काम त्याचं. त्याच्या खोलीत पंख्यांचा एवढा आवाज की तो बाहेरही ओरडूनच बोलतो. "घाला की मॅडम! शेकड्याने प्रश्न आहेत, त्यात आणखी एक! माझं काय जातंय!" वाचलं मात्र नाही. बिस्किट खात होता.

९ फेब्रुवारी

उत्तर आलं. या खेपेला दोन शब्द नाहीत, दोन ओळी! प्रगती आहे. "प्रश्न घालावा. मात्र कोणी उत्तर न दिल्यास जे धरले जाईल ते 'जागी' असावे."

म्हणजे झालं काय? अशा प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर आधीच लावून ठेवावं लागतं — कोणी काही बोललं नाही तर हे धर, असं. ते 'जागी'च ठेवलं तर जग जिथल्या तिथे. वरून दिसायला बदल झाला, आतून दगड तसाच. तोंडाला पानं पुसली माझ्या.

आणि सगळ्यांसमोर! त्या उत्तराची प्रत अख्ख्या विभागाला.

११ फेब्रुवारी, रविवार

ताईला चक्कर आली होती म्हणे रस्त्यात. काही नाही, उन्हाचं, म्हणते. मशीन, तिची जादा बॅटरी, चार्जर, लांब वायर — सगळं खांद्यावर. जादा बॅटरी तिची तीच उचलते, तिचं आरोग्य केंद्र देत नाही. मी खांदा चेपून दिला. वळ उठलाय पट्ट्याचा.

दोन ओळींसाठी! एका माणसाच्या हट्टासाठी!

५ मार्च

केलं. सरळ मॅनेजरकडे गेले. दगडोबाला ओलांडून. आमच्याकडे असं कोणी करत नाही, मी केलं.

बोलले काहीच नाही. दोन रेघा काढून नेल्या होत्या — एक आत्ताची बॅटरी, एक डिस्क झोपू दिल्यावरची. मॅनेजरला ड्रायव्हर कळत नाही, रेघ कळते. "दुप्पट? अहो मग विक्रीवाल्यांना आत्ताच सांगतो!" फोनच उचलला. मी म्हटलं, पण साहेबांची हरकत आहे. फोनवर हात ठेवून म्हणाले, "त्यांचं मी बघतो. त्यांनाही आता विश्रांती हवीच आहे."

दारापर्यंत पोचवायला आले. मला! आजवर माझं नाव आठवायला त्यांना जरा वेळ लागायचा.

१२ एप्रिल

दगडोबांना 'सल्लागार' केलं. केबिन काढून घेतली. टेबल प्रिंटरच्या शेजारी. दिवसभर लोक कागद घ्यायला येतात आणि त्यांच्या डोक्यावरून हात घालतात. ते आपले भिंग घेऊन बसलेले.

वाईट वाटलं का मला? वाटलं थोडं. मग "गरज नाही" आठवलं, आणि जे काही वाटत होतं ते आपोआप कमी झालं.

२६ एप्रिल

राजीनामा दिला त्यांनी. आज निरोप. मॅनेजरने भाषण ठोकलं — "आमचा आधारस्तंभ" वगैरे. आधारस्तंभ प्रिंटरशेजारी का उभा केला ते सांगितलं नाही. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, काही तरी लागेल असं बोलतील. मी तयारीत होते. तर म्हणाले, "प्रश्न चांगला लिहिलाय तुम्ही. फक्त न दिलेलं उत्तर 'जागी' ठेवा, बाई."

मी म्हटलं, "बघू."

बघू! पंचवीस-तीस वर्षं काम केलेल्या माणसाला बघू म्हटलं. पण तेच शिकवून गेलेत ना, थोडक्यात उत्तर द्यायला.

२९ एप्रिल

विभागाचा 'तात्पुरता कार्यभार' माझ्याकडे. तात्पुरता! काम सगळं, खुर्ची मात्र उसनी. कायम करायचं ते पुढे बघू म्हणे.

ताईला सांगणार नाही. मागच्या वेळी बढतीची नुसती हवा होती तर तिने केंद्रभर पेढे वाटल्यासारखं केलं, आणि मग माझ्या हाती भोपळा. तिलाच लोक विचारत राहिले, काय झालं बहिणीचं? या वेळी कायम झाल्याशिवाय अवाक्षर नाही. दगडोबा गेल्याचंही नाही — ते सांगितलं की पुढचं लगेच विचारेल.

६ मे

बदल आत गेला. माझ्या हाताने, माझ्या नावाने. प्रश्न: डिस्कला झोपू द्यायचं का? कोणी उत्तर दिलं नाही तर धरायचं — झोपू दे.

हो, 'झोपू दे'च ठेवलं. मुद्दाम. ज्यांच्या डिस्का आजारी असतील त्यांनी 'जागी' निवडावं, एवढा मोठा मजकूर लिहिलाय तो कशासाठी? जुन्या मशीनवाल्यांना डोळे आहेत. चांगल्या डिस्कांनी कुणा न दिसणाऱ्या डिस्कांसाठी का जागायचं?

आणि थोडं त्यांच्या नाकावर टिच्चून. इथे खोटं कशाला लिहू.

२६ मे, रविवार

ताई आली ती नाचतच! "अगं, नवीन काही तरी घातलं मशीनमध्ये केंद्राने, आणि काय सांगू — काल चार्जर घरीच राहिला, तरी अख्खा दिवस निघाला! कोणाला प्लग विचारला नाही! एका काकूंनी चहा दिला तर निवांत बसून प्यायले."

मी म्हटलं, "काही तरी नाही. ते मी घातलंय."

ताईने डोक्यात टपली मारली, आणि लगेच तिथेच हात फिरवला. "माझ्यासाठी एवढं केलंस?" म्हणाली. जादा बॅटरी माझ्याकडेच ठेवून गेली, आता नको म्हणून.

ती गेल्यावर मी रडले. किती वर्षांनी कोणी तरी माझ्या कामाला काम म्हणालं.

९ जून, रविवार

ताई आली नाही. पाय दुखतात म्हणे.

१३ जून

एका केंद्रातून तक्रार. मशीन मधेच गोठते, बंद करून चालू करावी लागते, आणि दिवसभराचे आलेख सापडत नाहीत. केंद्रांना आमच्याकडे नावं नसतात, नंबर असतात. असाच एक नंबर. खाली शेरा — "संबंधित परिचारिकेकडून खुलासा मागवला आहे. यंत्रात दोष आहे किंवा कसे, ते कळवावे."

बरोबर या वेळी! पुढच्या महिन्यात माझं कायम व्हायचं ठरतंय, आणि ही ब्याद.

१४ जून

ऑफिसातल्या मशीनवर दिवसभर चालवून पाहिलं. डिस्क झोपली, उठली, झोपली, उठली. एकदाही चुकली नाही. त्या केंद्राची मशीन मागवायला हवी होती खरं तर. पण मागवली म्हणजे मॅनेजरला कळणार, विक्रीवाल्यांना कळणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार. दगडोबा कुठे बसला असेल तिथे हसेल.

पत्र पाठवलं. "तपासणीत यंत्रात दोष आढळला नाही. यंत्र योग्य प्रकारे बंद न करणे अथवा आलेख न साठवणे अशी हाताळणीतील चूक संभवते." खाली नाव घालायची पद्धत नाही, फक्त पद. 'तात्पुरता' गाळून टाकलं. विभागप्रमुख.

छान दिसतं.

१६ जून, रविवार

आजही नाही आली. मीच फोन केला. "कामाचा ताप आहे गं," म्हणाली. मशीन कशी चाललीये विचारलं. "मस्त! मशीनला काय झालंय?" आणि घाईने ठेवला.

बॅटरी टिकायला लागली, आता बहीण कशाला हवी!

२४ जून

खाली बिल्डवाल्याकडे गेले होते, दुसऱ्याच कामाला. सहज विचारलं, जुन्या मशीनवाल्यांनी माझ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं?

"कोणी?" तो ओरडला.

"जुन्या मशीनवाल्यांनी."

"त्यांना कोण विचारतंय मॅडम? शेकड्याने प्रश्न! माझी स्क्रिप्ट आहे — नवीन प्रश्न आला की जे आधीच लावलेलं उत्तर असेल ते घेते, पुढे जाते. गेली कित्येक वर्षं असंच आहे. साहेबांना ठाऊक होतं."

म्हणजे कोणी निवडलंच नाही. कोणी माझा मजकूर वाचला नाही, एकानेही नाही. सगळ्या मशीनांत, जुन्या-नव्या, धडक्या-मोडक्या, एकच उत्तर गेलं. माझं.

बिल्डवाल्याने बिस्किट पुढे केलं. घेतलं मी. का घेतलं कोण जाणे.

वर येऊन जुन्या खेपेचे कागद काढले. त्यात दोन कारखान्यांच्या डिस्का आहेत, मिसळून. ऑफिसातली मशीन पहिल्या कारखान्याची. दुसऱ्याची एक कोठारात सापडली. लावली, झोपवली. उठली नाही. पुन्हा केलं. पुन्हा उठली नाही.

ताईचीही मशीन जुन्याच खेपेतली. पण ती मस्त म्हणाली ना! आठवड्यापूर्वीच म्हणाली. म्हणजे तिच्यात पहिल्या कारखान्याची असणार. देव पावला.

२५ जून

मॅनेजरला सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

"पुढच्या खेपेत उत्तर बदलून टाका. गुपचूप. किरकोळ सुधारणा म्हणून."

"आणि ते पत्र? त्या परिचारिकेचा खुलासा मागवलाय. आपण कळवायला हवं, चूक आपली होती."

"एका केंद्राचं एक पत्र! ते मागे घेतलं तर उरलेली केंद्रं काय म्हणतील? आणि तुमच्या कायम होण्याचे कागद माझ्या टेबलावर आहेत, या आठवड्यात सही करायची आहे. आत्ता कशाला गाजावाजा? ती खुलासा देईल, प्रकरण मिटेल. असल्या गोष्टी मिटतात."

मूग गिळून बसले. 'न दिलेलं उत्तर' काय धरायचं ते त्यांनी बरोबर धरलं.

२६ जून

उत्तर 'जागी' केलं. कारण लिहायच्या जागी लिहिलं: किरकोळ सुधारणा.

कोण कुठली बाई असेल ती! असेलही निष्काळजी. माझी मशीन बिघडली म्हणजे ती सज्जन ठरत नाही.

२८ जून

डोक्यातून जात नाही. पत्र मागे घेणारं दुसरं पत्र लिहिलं, चार ओळींचं. वाचलं. पुसलं.

३ जुलै

कायम झाले! केबिन मिळाली. भिंतीवर दगडोबाच्या कॅलेंडरचा चौकोन अजून पांढरा दिसतोय. रविवारी ताईला सांगायचं. काहीही करून ये म्हणून निरोप ठेवलाय तिला. येते म्हणाली.

७ जुलै, रविवार

ताई आली. खांद्यावर बॅग नव्हती. तिला घरी बसवलंय. मशीनमध्ये आलेख नाहीत, म्हणजे ती रोग्यांकडे गेलीच नाही, असं ठरवलं केंद्राने. मशीन महिनाभर गोठत होती. मला बोलली नाही. "तू माझ्यासाठी एवढा जीव टाकला होतास त्यात. कुठल्या तोंडाने सांगू?" मग पदराने नाक पुसून म्हणाली, "कंपनीचं पत्र दाखवलं मला. खाली विभागप्रमुख लिहिलंय. तुझा तो दगडोबाच ना गं?"

मी म्हटलं, हो. तोच.